दिवेलागणीआधीचा शब्द

सोमवारी दिवेलागणीपर्यंत मी बोलत नाही. सकाळी इष्टलिंगपूजा झाली, की कपाळी विभूती आणि ओठांवर मौन.

त्या सोमवारी दुपारी बँकेची बैठक अचानक ठरली. बँक सरकारी, तिचे शेअर लंडनच्या बाजारात जायचे होते. तिकडची अट अशी, की हिशेब तपासणाऱ्या समितीचा प्रमुख सरकारचा नको, बाहेरचा हवा. म्हणून मला घेतलेलं. जन्मभर कॉलेजात वाणिज्य शिकवलं. आता सोलापुरातल्या घरी बसून कॉम्प्युटरवरून बैठकांना हजर राहायची.

खोलीत दुपार पाण्यासारखी साचली होती. पडद्यावरचे चेहरे सिद्धेश्वर तलावातल्या माशांसारखे वर येत, तोंड उघडत, विरून जात.

बँकेचे अध्यक्ष, सरकारनंच नेमलेले, म्हणाले, "शेअर विकले जाईपर्यंत तपासणी मीच बघतो. तेवढ्यापुरतंच. कागदावर नाव दानेश्वरी मॅडमचंच राहील. विरोध असेल तर बोला. गप्प तो राजी."

मी हात वर केला.

"हात नको मॅडम, शब्द हवा. की आजही सोमवारचं मौन?"

सगळे हसले.

दारात माझी धाकटी जाऊ निंगव्वा ऐकत उभी होती. ती लगबगीनं देव्हाऱ्याकडे गेली, समई लावून माझ्यापुढं आणून ठेवली.

"दिवा लागला की, अक्का! सुटलं मौन. बोला आता तोंड भरून."

मी खिडकीतल्या उन्हाकडे बोट दाखवलं.

"तेवढ्यापुरतं चालतंय की! देव काय घड्याळ बघत बसलाय व्हय?"

उन्हात ज्योत दिसतही नव्हती. किती सोपं, वाटलं. तेवढ्यापुरतं. आणि हाच शब्द आत्ताच पडद्यातून आला होता.

मी समई हलकेच बाजूला सारली. मौन सुटलेलं नव्हतं. ते मी मोडलं.

"माझा विरोध आहे. माझ्या नावाआड कुणी बसायचं नाही. नोंदवा, लंडनलाही कळू दे."

आवाज तलावापलीकडून आल्यासारखा, दुसऱ्या कुणाचा वाटला. हसू थांबलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "पुढचा विषय."

बैठक संपली तशी निंगव्वा हळहळली, "मोडलंच की व्रत! म्हंजे आता प्रायश्चित्त, आज जेवण बी न्हाय?"

मी होकाराची मान डोलावली. ओठ पुन्हा मिटले होते.

"लई हट्टी बगा तुमी."

तिनं फुलानं समई शांत केली आणि स्वतःचं ताटही झाकून ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन बसली. भिंतीवरचं ऊन सरकत होतं. आम्ही दोघी खऱ्या दिवेलागणीची वाट बघत राहिलो.