तहाबाहेरचं मशीन

धाकटी माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. आमची धाकटी गप्प राहणाऱ्यांतली नाही. ती झोपेतही वाद घालते.

"काय झालं?"

"ताई, तू आधी चिडू नकोस."

हे ऐकून न चिडलेला माणूस कुठे असेल तर मला त्याला एकदा भेटायचं आहे. मी कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"रेकॉर्डिंगच्या मशीनवरून आईची शेवटची प्रकरणं पुसली गेली," ती म्हणाली. "चांगली वाचलेली सगळी. जी पुसायची होती ती तशीच आहेत."

आम्ही बोलकी पुस्तकं करतो, ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी. घराच्याच मागच्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत बसून आई वाचते आणि दुसरीत आम्ही दोघी बहिणी तो आवाज कापतो, जोडतो, साफ करतो. आई वाचायची, असं आता म्हणायला हवं. काल सकाळी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. डॉक्टरांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज नाही. होडी चालवणाऱ्या एका बाईवरची जाडजूड कादंबरी तिच्या हातात होती. ती संपवल्याशिवाय दवाखान्यात जाणार नाही असं आईने बजावलं, आणि परवा संध्याकाळी बसलेल्या आवाजात शेवटचं पान वाचून मगच ती खुर्चीवरून उठली. आज सकाळी शुद्धीवर आल्यावर तिने पाटी मागून घेतली आणि पहिलं काय लिहिलं, तर "पुस्तक झालं?" मी मान हलवून हो म्हणाले होते.

"तुझ्या टोपलीत बघितलंस?" मी विचारलं.

"त्या मशीनवर टोपली नाहीये, ताई."

नाहीये, हे मलाच सगळ्यात आधी ठाऊक असायला हवं होतं. ती तिथे नसावी असा आग्रह माझाच होता.

आम्ही दोघी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून काम करतो. एकेक फाइल माउसने ओढत बसलं तर एका पुस्तकात जन्म जायचा. मी जुन्या कमांडवर वाढलेली. दोन-तीन अक्षरं, काम एक, आणि वायफळ बडबड नाही. धाकटीला मात्र दर महिन्याला काहीतरी नवं सापडतं. फाइलींची यादी रंगीत दाखवणारं, अर्धवट आठवलेलं नाव शोधून देणारं, पुसलेलं केराच्या टोपलीत जपून ठेवणारं. तिची अवजारं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, माझ्या बोटांचं आहे. एकदा एक नाव बोटांत बसलं की ती दुसरं ऐकत नाहीत. यावरून आमची इतकी जुंपायची की शेवटी आईनेच मध्ये पडून तह करून दिला. नावं थोरलीची, अवजारं धाकटीची. म्हणजे मी जुनीच कमांड टाइप करायची आणि आतून धाकटीचं नवं अवजार चालायचं. पुसायची जुनी कमांड दिली तरी फाइल खरी पुसली जात नसे, गुपचूप टोपलीत जाऊन पडत असे.

तह बरा चालला, हे कबूल. पण एक मशीन मी त्याच्या बाहेर ठेवलं, रेकॉर्डिंगच्या खोलीतलं. आई वाचत असताना मागे काही चालू झालं की आवाजात टिकटिक येते, असं माझं म्हणणं होतं. त्यामुळे तिथे ना टोपली होती ना रंग, आणि आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभ्या आहोत हे ते मशीन विचारल्याशिवाय सांगत नाही. त्यावरच्या फाइलींची दुसरीकडे कॉपीही माझ्या जुन्या पद्धतीने व्हायची, दर शनिवारी संध्याकाळी. आणि आज शुक्रवार होता.

रेकॉर्डिंगच्या खोलीत जाईपर्यंत धाकटी बाकीचं सांगत राहिली. आई वाचताना चुकली की एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा घ्यायची. पडद्यावर आवाजाच्या रेघेत टाळीचा सुळका उठून दिसतो, तिथे आम्ही कापतो. चांगला तुकडा 'हवे' या फोल्डरमध्ये, चुकलेला 'नको' मध्ये. धाकटीला 'नको' रिकामं करायचं होतं. ती उभी होती 'हवे' मध्ये. इतर मशीनवर फोल्डरचं नाव हिरव्या रंगात समोर दिसतं, इथे दिसलं नाही. तिने सगळं पुसायची कमांड दिली. जुन्या कमांडचा स्वभावच असा की काम झालं की ती अवाक्षर काढत नाही. मला तो फार आवडायचा.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती.

"हे काय उतरवतेस?"

"पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर. सगळ्यात चांगलं हेच आहे. निम्मं आलंय, आता—"

मी वाकले आणि भिंतीतली वायर उपटली. पडदा काळा झाला. पंख्याची घरघर थांबली आणि त्या बंद खोलीत आम्हा दोघींचे श्वास तेवढे ऐकू येऊ लागले.

"अगं, काय केलंस हे? तेवढाच एक उपाय होता!"

"आणि ते उतरून कुठे बसत होतं?" मी विचारलं. "ह्याच डिस्कवर ना?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तिला हे माहीत नव्हतं असं नाही, घाबरल्यावर सुचलं नाही इतकंच. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. दारावरची पाटी तेवढी निघते, सामान आतच असतं. पण खोली रिकामी आहे असं समजून दुसरा कुणी राहायला आला की आधीचं सामान गेलं. धाकटीने आपल्या हातांनी त्या खोल्यांमध्ये निम्मं बिऱ्हाड आणून भरलं होतं.

"किती गेलं असेल?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? मी काय डिस्कच्या पोटात जाऊन बघून आलेय?"

मी नको तितकी तोडून बोलले. पण त्या क्षणी तिच्या दोन मुस्काटात द्याव्यात असंही वाटत होतं, तेव्हा बोलण्यावरच भागलं हे बरं झालं.

स्क्रू काढून मी डिस्क बाहेर घेतली आणि माझ्या मशीनला जोडली, फक्त वाचता येईल अशी, काही लिहिता येणार नाही अशी. मग माझी सगळ्यात जुनी कमांड दिली. ती डिस्कची थेंबन् थेंब नक्कल काढते. आत काय आहे याची चौकशी करत नाही, चांगलं-वाईट निवडत नाही, आणि चालू असताना एक अक्षर बोलत नाही. आम्ही दोघी समोर बसलो. रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, शेजारच्यांचा फोन बराच वेळ वाजत राहिला. संध्याकाळी भेटायची वेळ होती. आई पाटी घेऊन वाट बघत असणार होती आणि मी तिला सकाळीच हो म्हणून बसले होते.

"किती झालं हे ती सांगत नाही का गं?" धाकटी म्हणाली.

"नाही."

"सांगते." तिने दुसरी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं, आणि इतकी वर्षं माझ्याशी न बोललेल्या कमांडने मुकाट्याने आकडा छापला. निम्म्याहून जास्त झालं होतं. "हे नवं नाहीये, ताई. तुझ्याच जुन्या कमांडची सोय आहे. तू तिला कधी विचारलंच नाहीस."

एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं.

नक्कल पूर्ण झाल्यावर तिच्यावर आधी माझं जुनं शोधायचं अवजार चालवलं. त्याने उत्साहाने जुने फोटो आणून दिले, कुठल्यातरी पत्रांचे तुकडे दिले, आणि आवाज एकही दिला नाही. आमच्या आवाजाच्या फाइली ज्या नव्या प्रकारच्या आहेत तो प्रकार त्याच्या जन्मानंतरचा. ती निवडही धाकटीची. मी खुर्ची मागे सरकवली आणि कीबोर्ड तिच्याकडे ढकलला. तिने तिचं सॉफ्टवेअर माझ्या मशीनवर उतरवलं, नकलेवर चालवलं, आणि पडद्यावर तुकडे येऊ लागले. नाव नाही, क्रम नाही, नुसते तुकडे.

पहिला वाजवला तर आई होती. बसलेला आवाज, तरी प्रत्येक शब्द नीट उचललेला. धाकटी ओंजळीत तोंड लपवून रडली. मीही रडले, पण माझे हात चालू होते.

मग आम्ही भराभर कामाला लागलो. पुस्तक मांडीवर घेऊन मी ओळ शोधायची, तिने तुकडा जागेवर लावायचा. कधी नव्हे ते दोघींनी एकाच मशीनवर काम केलं. माझ्या कमांडने तुकडे मोजले, तिच्या अवजाराने एकसारखे आवाज शेजारी आणले, आणि कुठलं कुणाचं हे विचारायला फुरसत नव्हती. प्रकरणामागून प्रकरण भरत गेलं.

शेवटचं पान मात्र आलं नाही.

त्याच्या जागी होतं ते धाकटीचं अर्धवट उतरलेलं सॉफ्टवेअर. आम्ही पुन्हा शोधलं, तिच्या अवजाराने आणि माझ्यानेही. काही नाही. होडीवाली बाई नदीच्या मध्यावर होती आणि पुढे आवाजच नव्हता.

"फोल्डर कुठलं ते एकदा बघितलं असतंस तर?" मी म्हणाले. "पुसायच्या आधी यादी काढायची, डोळ्यांनी बघायची, मग पुसायचं. मी शिकवलंय तुला हे."

"शिकवलंस. आणि मी करायचे, ताई. प्रत्येक वेळी करायचे." तिचा आवाज खाली गेला. "टोपली आली आणि ती सवय सुटली. काहीही पुसलं तरी परत मिळतं म्हटल्यावर कोण बघतं? बोटांना हे मशीन वेगळं आहे हे कसं कळणार? कमांड तर तीच."

मला तिचा राग आला होता तो तिथेच थांबला, आणि उरलेला माझ्याकडे वळला. तिच्या बोटांना मऊ गादीची सवय लागलेली मी रोज बघत होते, आणि घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट जिथे होती तेवढीच फरशी मी हट्टाने उघडी ठेवली होती. पाय तिचा घसरला, पण खड्डा माझा होता.

भेटायची वेळ जवळ आली. काही सुचेना म्हणून मी 'नको' उघडलं. पुसायचं होतं ते सगळं तिथे जसंच्या तसं होतं. त्यातला शेवटचा तुकडा मी लावला.

आई शेवटचं पान वाचत होती. दम लागत होता, तरी ओळ सोडत नव्हती. आणि तिच्या मागून, भिंतीपलीकडून, आणखी दोन आवाज येत होते. परवा संध्याकाळचे आम्ही.

"शनिवारची वाट कशाला बघायची? लगेच कॉपी होईल असं लावते ना मी," हे धाकटीचं.

"त्या मशीनला हात लावायचा नाही म्हणजे नाही," हे माझं. काय तो आवाज! मी इतकी कर्कश बोलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आई थांबली नाही. आमच्या भांडणावरून तिने होडी काठाला आणली, बाईला खाली उतरवलं, दोर खुंटीला बांधला आणि पान संपवलं. मग टाळी वाजली. त्यानंतर खोल श्वास घेऊन, हसू दाबत ती म्हणाली, "भांडून झालं की सांगा गं. परत वाचते."

तुकडा तिथे संपला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

दवाखान्यात आई उशांना टेकून बसली होती. गळ्याला पट्ट्या, गळ्यातच नळी, मांडीवर पाटी. आम्हाला बघताच तिने सकाळचंच वाक्य पुन्हा लिहिलं. मी काही बोलायच्या आत धाकटीने एका दमात सगळं सांगून टाकलं, फोल्डर, टोपली, वायर, शेवटचं पान, सगळं. मी म्हणाले की सकाळचं 'हो' मी उगाच म्हटलं होतं आणि ते मशीन मीच तसं ठेवलं होतं. आईच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मला वाटलं, ती आता पाटी पालथी घालेल.

मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि तो तुकडा लावला. तिने डोळे मिटले. वाचताना ओठ हलायचे तसे हलू लागले. मध्येच तिची भुवई वर गेली, म्हणजे आम्ही दोघी आलो असणार.

"काळजी करू नकोस, आई," धाकटी हलकेच म्हणाली. "आमचा आवाज काढून टाकता येतो. एक नवं आलंय, ते माणसाचा आवाज वेगळा—"

"त्याने आईचाही आवाज पत्र्यासारखा होईल," मी म्हणाले. "माझ्या जुन्या फिल्टरने हळूहळू केलं तर—"

"हळूहळू म्हणजे वर्षभर का, ताई?"

आईने डोळे न उघडता दोन्ही हात उचलले आणि टाळी वाजवली. एकच. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून बघितलं.

आईने पाटी पुसली आणि लिहिलं, "असंच जाऊ दे. तुमच्यासकट." मग हेडफोन नीट बसवून तिने माझ्याकडे बोटाने खूण केली, आणि मी तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.