गाईची शतावरी

"गाय कितव्या वेताची?" वच्छलाबाईंनी तराजूवरून नजर न काढता विचारलं.

नानासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. उस्मानपुऱ्यातल्या या काष्ठौषधीच्या दुकानात ही बायांची गर्दी. सुनेला दूध कमी येतंय, हे त्या गर्दीत बोलायचं कसं? म्हणून तोंडातून गाय निघून गेली. बिडकीनची गुरं विकून सहा वर्षं झाली होती, पण अडीनडीला ती अजून उपयोगी पडत होती.

"पहिलंच वेत हाय. शतावरी द्या, चहावानी उकळून पाजतो."

"गाईला चहा?"

"सवय हाय तिला."

"वैरण खाती का नीट?"

"अर्धी चपाती खाती अन् मोबाइल बघत बसती."

मागच्या बाईनं पदर तोंडाला लावला. वच्छलाबाई मात्र हसल्या नाहीत. "अन् वासरू?"

आता नानासाहेबांचं सगळं उसनं अवसान गळालं. पंधरा दिवसांची नात अजून जन्माच्या वजनावर आली नव्हती. सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर वरचं दूध सुरू करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. सुनेची आई पाय मोडून पडलेली, मुलगा शिवराज चिकलठाण्याच्या कंपनीत, आणि घरात दुसरी बाई नाही.

"लई रडतं, बाई. त्याच्या आधी तीच रडती. मी दाराबाहेर खोकतो अन् माघारी फिरतो."

"नाव काय गाईचं?"

"दीपमाला."

वच्छलाबाईंनी गुरांच्या औषधाचा मोठा डबा बाजूला सारून माणसांचा छोटा उघडला. पुडी बांधली आणि तिच्यावर ठळक अक्षरात 'गाय' लिहिलं. "कपाला अर्धा चमचा, बडीशेप टाकून. आधी डॉक्टरीणबाईला विचारा. अन् भाऊ, नुसत्या चहानं काय होत नसतंय. तिला पोटभर जेवू द्या, झोपू द्या, घडीघडी पाजू द्या. तुमच्या पहिल्या गाईला काय दिलं होतं?"

नानासाहेबांना बायको, आवडाबाई, आठवल्या. शिवराजच्या वेळी त्याही अशाच रडायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. पुढे घरात शेळीचं दूध यायला लागलं, एवढंच त्यांना ठाऊक. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, तोवर हे विषय निघालेच नाहीत.

"काय नाय दिलं," ते म्हणाले. "विचारलंच नाय मी."

घरी आल्यावर नानासाहेबांनी स्वतः फोन करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा कुठे आधण ठेवलं. कप घेऊन ते दाराशी गेले आणि या वेळी खोकले नाहीत.

"पोरी, दूध कमी पडतंय का?"

दीपमालानं मोबाइल बाजूला ठेवला. मग हळूच मान हलवली. पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली तर ओट्यावर पुडी. "मामा, हे गाय काय?"

मामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. दीपमाला इतकी हसली की पोरगी जागी झाली. तिला पाजून, चहा पिऊन आणि दोन चपात्या खाऊन ती दोन तास गाढ झोपली. नात आजोबांच्या खांद्यावर होती. त्या दिवसापासून बाळ बघायला येणाऱ्यांना नानासाहेब फाटकातूनच परत पाठवू लागले, त्यामुळे दोन नातेवाईक कायमचे रुसले.

सोमवारी नातीच्या वजनाचा काटा दोनशे दहा ग्रॅमनं पुढे सरकला. नानासाहेब दवाखान्यातून थेट दुकानात गेले. गर्दी तशीच होती.

"गाय कशी हाय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"सून हाय ती माझी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दूध येतंय आता तिला. अजून एक पुडी द्या."

वच्छलाबाईंनी पुडी बांधली, पेन उचललं. "मग आता काय लिहू?"

"दीपमाला लिहा."

आवडाबाईंचं नाव अशा एकाही पुडीवर आपण कधी लिहून घेतलं नाही, हे त्यांच्या मनात आलं. शाई वाळेपर्यंत ते काउंटर धरून उभे राहिले.