उजव्या हाताच्या बांगड्या

"हिच्या उजव्या हातात बांगड्या राहिल्यात बघ," मृणालिनीताई म्हणाल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेलं. "इथेही राहिल्यात. अगं, सगळ्याच पानांवर राहिल्यात. किर्ती, काय गं हे?"

ताईंच्या दादरच्या प्रकाशनाच्या कचेरीत किर्ती सकाळपासून जीव मुठीत धरून बसली होती. सुकत घातलेल्या बोंबलांवरून ताई काही बोलतील, चित्रातल्या कोळणीचा रंग फार काळा झाला म्हणतील, अशी सगळी तयारी तिने मनात करून ठेवली होती. बांगड्यांची नव्हती केली.

"राहिल्या नाहीत ताई, नसतातच. आमच्या कोळ्यांत लग्नात बाई उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते. म्हणजे दर्याने तिच्या नवऱ्याला सांभाळायचं. मग त्या हातात परत काच घालत नाहीत. आता नव्या मुली मानत नाहीत, पण जुन्या बायका अजून पाळतात."

"किती सुंदर आहे हे," ताई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून सुंदर वाटलं. सुंदर वाटलेली ती गोष्ट पुस्तकात ठेवायची नाही, हेही त्यांनी तितक्याच मनापासून ठरवलं. "पण लहान मुलांना हे कोण समजावत बसणार? आईबापांना वाटेल, चित्रकार विसरली. आणि एक हात असा भुंडा दिसतो ना, ते बरं वाटत नाही गं. दोन्ही हातांत घाल. हिरव्यागार, भरपूर."

किर्तीला नाही म्हणता आलं असतं. म्हणजे तोंड होतं, शब्दही होते. पण शाळेच्या भिंतीवर लागणारे तक्ते काढण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. अननस, आगगाडी, इमारत, ईडलिंबू. गिरगावातल्या दुकानात ते तक्ते सुरळी करून विकले जात आणि त्यावर दुकानदाराचं नाव असे, छापखान्याचं असे, तिचं नसे. रंगवायच्या पुस्तकांतले हत्तीही तिचे होते, पण हत्तीला कोण विचारतो तुला कोणी काढलं म्हणून. हे पहिलं पुस्तक असं होतं की मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं. गोष्ट मृणालिनीताईंची होती, बाजारात हरवलेल्या आणि आईला शोधत फिरणाऱ्या कोळ्याच्या मुलीची. चित्रं किर्तीची. दोन्ही नावं एकाच आकारात छापू, असं ताईंनी स्वतःहून सांगितलं होतं, आणि पुस्तक चाललं तर पुढे अशाच पुस्तकांची अख्खी मालिका होती.

"करते ताई," ती म्हणाली.

नवीन काढायचंही काही नव्हतं. डाव्या हातातल्या बांगड्या उचलल्या, उलट्या केल्या, उजव्या हातावर ठेवल्या. पुढचं पान, पुन्हा तेच. ताईंचा चहा संपायच्या आत पुस्तक दुरुस्त झालं.

त्या चित्रांतली कोळीण म्हणजे किर्तीची आई, शांती. कफ परेडच्या मच्छीमार नगरात घराच्या ओट्यावर तिला बसवूनच किर्तीने सगळी चित्रं काढली होती. पहिल्या दिवशी शांती लाजून लाल झाली होती. "मना काय काडतंस गो? मी काय फूल हाय?" म्हणाली होती. मग मात्र बाजारातून आली की ती गुपचूप हातपाय धुवायची, केसांना तेल लावायची आणि टोपली पुढ्यात घेऊन बसायची. शेजारणींना हसायची संधी मिळाली आणि त्यांनी ती सोडली नाही. शांतीला त्याचं काही नव्हतं. माशाला भाव करणाऱ्या बायांनाही ती सांगायची की माझी पोरगी मला पुस्तकात घालतेय, आता घासाघीस करू नका.

पुस्तक छापून आलं तेव्हा किर्तीने ते आधी बापाच्या हातात दिलं. रघू जाळं शिवत बसला होता. त्याने मुखपृष्ठावरचं लेकीचं नाव बोटाने वाचलं, दोनदा वाचलं, आणि बायकोला हाक मारली. शांती पदराला हात पुसत आली. पुन्हा पुसले. मगच तिने पुस्तक घेतलं.

एकेक पान उलटताना तिचं तोंड फुलत होतं. "ही आपली वलांडी. हे तिच्यावर सुकत घातलेले बोंबील. ही मी." मग ती थांबली. मागचं पान काढलं, पुढचं काढलं, पहिल्या पानावर परत गेली.

"किर्ती, या उजवे हातातल्या बांगऱ्या कोनी परत आनल्या?"

"आये, ते पुस्तकवाल्यांनी सांगितलं. लोकांना समजत नाही ना."

"मना समजतंय."

"अगं, चित्र आहे ते. खरं थोडंच हाय?"

"माजा तोंड खरा हाय," शांती म्हणाली. "माजी टोपली खरी हाय. मंग बांगऱ्याच कशा खोट्या?"

रघू हसला. "शांते, कागदावरच्या हायेत. कागद काय दर्यान बुरवून काडलाय?" शांती हसली नाही. तिने पुस्तक स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि चुलीवरचं कालवण ढवळायला गेली. त्यानंतर तिने ते कोणाला दाखवलं नाही. किर्तीला वाईट वाटलं, पण त्याच आठवड्यात एका शाळेने तिला मुलांसमोर चित्र काढून दाखवायला बोलावलं होतं आणि तिथे कोणता ड्रेस घालायचा हेही ठरवायचं होतं.

रघूला दर्याने नेलं नाही. जन्मभर तो वाऱ्यापावसातून होडी घेऊन परत आला आणि पुस्तक आल्यानंतर काही महिन्यांतच एका दुपारी घरातच, जेवून हात धुताना, दाराची चौकट धरून खाली बसला. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. त्याला रक्तदाब होता, तंबाखू होती, गोळ्या तो मनात येईल तेव्हा घ्यायचा. किर्तीने ही कारणं स्वतःकडून पाठ करून घेतली. शहाण्या माणसाला पुरतील एवढी ती होती.

वस्तीतल्या आनंदीबाई शांतीजवळ बसल्या. असल्या कामाला त्यांनाच बोलावतात. त्यांनी शांतीचा डावा हात धरला आणि त्यातल्या बांगड्या पाट्यावर फोडल्या. कुंकू पुसलं. उठायला लागल्या, तेव्हा शांतीने उजवा हात पुढे केला.

"यानल्या पन फोरा."

"यान काय नाय गो शांती," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय.

"हायेत. पोरीनं घातल्यात."

किर्ती दारात उभी होती. आपण त्या वेळी पुढे होऊन आईच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं, असं तिला नंतर फार वेळा वाटलं. त्या वेळी तिला नुसती लाज वाटली, आणि रागही आला. आनंदीबाईंनी काय केलं, तर तो मोकळा हात धरला आणि पाट्यावर हलकेच टेकवला. मग शांती रडली.

वर्षभरात पुस्तकाला बक्षीस लागलं. समारंभ दादरलाच होता. मृणालिनीताईंचा फोन आला. "आईला घेऊन ये. पुस्तकातली आई प्रत्यक्ष स्टेजवर, मुलं वेडी होतील." किर्तीने आईला विचारलं. शांती म्हणाली, "तुजा नाव पुकारतील?"

"हो."

"मंग येतंय."

ती फिकट नऊवारी नेसून आली. दोन्ही हात मोकळे. हॉलच्या मागच्या खोलीत ताईंनी तिला "या मावशी" म्हणून बसवलं. दोघी जवळपास एकाच वयाच्या होत्या, पण मासे विकणारी बाई ताईंची कायमची मावशीच होती. ताईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या.

"रानडे रोडवरून आणल्या. अगदी चित्रातल्यासारख्या मिळाल्या."

किर्ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बाबा गेले ना आमचे."

"माहीत आहे गं. म्हणून तर." ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नवरा गेला की बाईने हात मोकळे का ठेवायचे? मी तर हे कधीच मानलं नाही. मावशी, तुम्ही स्टेजवर बांगड्या घालून उभ्या राहिलात ना, तर किती जणींना धीर येईल." मग किर्तीकडे वळून, अगदी आनंदाने, "आणि मालिकेची घोषणा मी आजच करतेय. सगळी चित्रं तुझी. चला, पाच मिनिटांत स्टेजवर."

बाईला धीर देण्याचं काम ताईंनी आयुष्यभर केलं होतं. त्यात समोरच्या बाईला विचारायची पद्धत नव्हती.

कागदाची पुडी किर्तीच्या हातात आली होती. शांतीने लेकीकडे पाहिलं.

"तू सांगतंस?"

किर्ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. ती आईसमोर खाली बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला. शांतीने अंगठा आत दुमडून हात लहान केला, कासाराकडे बसलेली बाई करते तसा. आधी डावा. मग उजवा. बर्फात हात घालून घालून शांतीची बोटं सुजलेली होती. बांगड्या घट्ट बसल्या, पण चढल्या.

टाळ्या खूप झाल्या. एक लहान मुलगी स्टेजवर धावत आली, शांतीच्या मनगटाला हात लावून म्हणाली, "सेम आहेत." लोक हसले. किर्तीचं नाव पुकारलं गेलं, नंतर मालिकेसाठी पुन्हा एकदा. फोटोत शांती नीट उभी आहे, ताईंनी उभं केलं तशी, दोन्ही हात स्टेजवर मांडलेल्या टोपलीवर ठेवून.

घरी आल्यावर बांगड्या निघेनात. किर्तीने साबण आणला, तेल आणलं.

"ऱ्हाऊ दे," शांती म्हणाली. पाटा ओढून ती उंबऱ्याशी बसली.

"आनंदीबाईला हाक मारू का?"

"कशाला? मना येतंय आता."

तिने डावा हात पाट्यावर आपटला. मग उजवा. आनंदीबाईंसारखा हलकेच नाही. किर्तीने केरसुणी आणली आणि काचा गोळा केल्या. मनगटावर थोडं रक्त आलं होतं, ते शांतीने स्वतःच पुसलं. मग दोघी जेवल्या.

मालिकेचं काम महिन्याभरात सुरू झालं. पहिल्याच पुस्तकात तीच कोळीण होती, मुलांना ती हवी होती. किर्तीने डोक्यातून काढून पाहिली, फोटोवरून काढून पाहिली. बाई ओळखीची होईना. शेवटी एका संध्याकाळी ती ओट्यावर आली आणि चाचरत म्हणाली, "आये, बसशील काय थोडा वेल?"

शांती बोंबील आवरत होती. तिने काम पुरं केलं. आत जाऊन हातपाय धुतले, केसांना तेल लावलं. टोपली पुढ्यात ठेवून ती नेहमीच्या जागी बसली, मान जराशी वळवून, किर्तीला हवी असायची तशी. मग तिने पदर पुढे ओढला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्या आत घेतले.

"आये, हात."

शांती समोर होड्यांकडे बघत राहिली.

"काड आता," ती म्हणाली. "उजेर जातंय."

किर्तीने काढायला घेतलं. हातांच्या जागी तिने पदर काढला.