झिलीची जागा

बापूसो मगदुमांनी काम नेहमीप्रमाणे पद्धतशीर केले होते. तंत्रनिकेतनात ध्वनियंत्रणा शिकलेला माणूस. निवृत्तीनंतरही कळंब्यातल्या त्यांच्या टेबलावर एक वायर वाकडी दिसत नसे. कोडोलीच्या निशिगंधाने पेनड्राइव्ह आणून दिला, तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "आज्जाचे पोवाडे आहेत, सर. आज्जीच्या या छोट्या प्लेअरमध्ये सगळे बसवून द्या."

प्लेअर काडेपेटीएवढा; त्याची मेमरी त्याहून तोकडी. फायली तपासताना बापूसोंच्या लक्षात आले, की दोन माइक दोन वेगळ्या चॅनेलवर घेतलेले आहेत. डाव्यावर शाहिराचा खणखणीत आवाज. उजव्यावर बराच काळ काहीच नाही, मधूनच मागच्यांचा गलका. त्यांनी डावा ठेवला, उजवा काढून टाकला. ओळींमधल्या रिकाम्या जागा कापल्या. उरले ते एमपीथ्रीत दाबून बसवले. मागाहून घोटाळा नको, म्हणून पेनड्राइव्हवरच्या मूळ फायली पुसून तेथेही नव्याच लिहिल्या.

प्लेअर द्यायला ते स्वतः कोडोलीला गेले.

निशिगंधाच्या आज्जीने, तानाबाईंनी, तो तळहातावर घेतला. "एवढ्या डबीत आमचं मालक मावलं व्हय? जित्तेपणी दारातनं वाकून यायला लागायचं!"

निशिगंधाने बटण दाबले. तानाबाई पदर सावरून ऐकू लागल्या. एक पोवाडा संपला, दुसरा सुरू झाला.

"ह्यो शाहीर झाला, बापूसो. आमचं मालक कवा येत्यात?"

"हा आवाज त्यांचाच ना?"

"न्हाय की! मालक झील धरायचे. शाहिरानं ओळ सोडली, की मागनं उचलायचे. जल्मभर मागंच हुबं हुते."

बापूसोंनी हातातली कपबशी खाली ठेवली. "निशिगंधा, मूळ रेकॉर्डिंग आणखी कोणाकडे आहे?"

"नाही, सर. साउंडवाल्यानं तेवढंच दिलं होतं."

"तानाबाई, तो आवाज मी काढून टाकला," ते म्हणाले. "मला तो गलका वाटला. कोणाचा, हे मी विचारायला हवे होते."

तानाबाईंनी प्लेअर पदराने पुसला. "गलकाच हुता की. पर आमचा हुता."

मग त्यांनीच नातीला आवाज वाढवायला सांगितला. "असू द्या. मागचं मला पाठ हाय. म्या धरतो झील."

शाहिराने ओळ सोडली. त्यांनी हनुवटी उचलली, "जी रं..." म्हणेपर्यंत शाहीर पुढच्या ओळीवर पोचला होता. पुढच्या वेळी त्यांनी घाई केली. तरी जागा सापडली नाही.

"असा कवाच गात न्हवता ह्यो," त्या म्हणाल्या. "मालकांसाटनं थांबायचा की."

ती जागाही आपणच कापली, हे सांगायला बापूसोंनी तोंड उघडले. पण ओळ संपत आली होती, आणि तानाबाई पुन्हा हनुवटी उचलून बसल्या होत्या.