प्लास्टरमधली हजेरी

माझी नणंद देशभरातल्या कोळसा खाणींचा वार्षिक अहवाल तयार करते. आमच्या घरात तिच्याएवढं शिकलेलं कुणी नाही, आणि ती सोडून सगळे हे येताजाता ऐकवतात. यंदा ती नव्या अहवालाची प्रत घेऊनच आली. चहा पिताना तिने भावाला, म्हणजे खाणीतच कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याला, आलेख दाखवले. कोळसा वाढतोय, कामगार घटतायत आणि अपघातांची रेघ दरवर्षी खाली उतरतेय. उद्या मंत्री अहवाल जाहीर करणार होते आणि समारंभात ताईचा सत्कार होता. नवऱ्याने प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून तिचं तोंडभरून कौतुक केलं. पाय जिन्यावरून पडून मोडला, असं त्याने तिला सांगितलं होतं. मी मूग गिळून बसले.

सकाळी खाणीची जीप दारात आली तशी ताई चक्रावली. मोडक्या पायाने हा निघाला कुठे, असं तिने मला विचारलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सांगून टाकलं. पाय खाणीतच, रुळावरच्या कोळशाच्या डब्याखाली सापडला. जखमी माणूस तीन दिवस कामावर आला नाही, तर अपघात वर कळवावा लागतो. म्हणून त्याला उचलून नेतात, ऑफिसातल्या खुर्चीवर बसवतात, हजेरी लावतात आणि संध्याकाळी आणून सोडतात. हजेरी लागली की अपघात झालाच नाही. डॉक्टरांनी निजून राहायला सांगितलंय. जीपचे धक्के असेच बसत राहिले, तर हाड वाकडं जुळेल आणि हा जन्मभर लंगडेल.

"तुम्हाला हे खरंच माहीत नव्हतं?" मी विचारलं.

ताईने मान खाली घातली. "कानावर होतं. पण खाणी जो आकडा पाठवतात, तोच आम्ही मांडतो." मग भावाकडे वळून म्हणाली, "तू आज जायचं नाहीस. मी बोलते वर."

"आता काय बोलणार? छापून झालं की." तो हसला. नको तिथे हसायची याला खोडच आहे. "साहेबांनी मला समजावलं ना. म्हणाले, तुझ्या सख्ख्या बहिणीचा आकडा आहे, तूच बिघडवणार का?"

ताईने फोन हातात घेतला. नंबरही काढला. मग न लावताच तो पर्समध्ये ठेवला.

माझं डोकं फिरलं. चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडाने बोलणार? नवऱ्याला नोकरीत कायम करू, असं साहेब म्हणाले होते आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याला उठवून तयार करत होते ती मीच. मला स्वतःची लाज वाटली.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आम्ही दोघींनी नवऱ्याला दोन बाजूंनी धरून बाहेर नेलं. तो सीटवर बसला. ताईने वाकून त्याचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच जीपमध्ये ठेवला. खाली उशी मी सरकवली.