बांगड्यांच्या आवाजावर

‘गडावरच्या देवळात दिवा लावीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. ह्यांची नजर तेवढी वाचव,’ असं सकाळी देवापुढे बोलून गेल्यावर घड्याळवाल्या काकूंच्या लक्षात आलं, की आपण भलताच घोटाळा करून बसलो.

काकांची सगळी हयात डोळ्याला भिंग लावून घड्याळांची बारीक चाकं जुळवण्यात गेली. आता एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याला नुसता उजेड-अंधार कळायचा, त्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. डॉक्टरांनी आशा दिली होती, हमी नाही. म्हणून त्याआधी एकदा गड चढायचा, असा काकांनी हट्टच धरला होता. पण त्यांना पायरी दाखवणार कोण? घरातसुद्धा ते काकूंच्या ‘उंबरा आहे’, ‘स्टूल आहे’ यावर चालायचे.

दारात चपला घालता घालता लेकीने सगळं ऐकलं होतं. “म्हणजे बाबांना दिसायचं नाही आणि तू बोलायचं नाहीस. छान. निदान हात धरून तरी ने त्यांना.”

“मला कोणी धरून न्यायचं नाही,” आतून काका म्हणाले. “तिच्या बांगड्या आहेत ना? एकदा वाजल्या की पाय उचलीन, सारख्या वाजल्या की थांबेन.”

लेक कपाळाला हात लावून ड्यूटीवर गेली.

गडाच्या पायऱ्या अरुंद, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. काकू पुढे, काका मागे. बांगड्या किणकिणत होत्या आणि काकांच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

“लग्नापासून पहिल्यांदाच माझं बोलणं कोणी मध्ये न तोडता ऐकतंय. हा नवस दरवर्षी करत जा.”

काकूंनी मुद्दाम जोरात बांगडी वाजवली. काका खुशीत हसले.

वरचा दरवाजा ओलांडला तशी सपाटी लागली. जुनी दगडी देवळं ओळीने उभी होती. कुणाचा कळस पडलेला, कुणाच्या नंदीचं तोंड झिजून गुळगुळीत झालेलं. मोठं देऊळ अगदी समोर होतं. काकू पिशवीचा हात बदलायला क्षणभर थांबल्या. उजवीकडे तट ढासळला होता आणि तिथे काही बायका उभ्या राहून एकमेकींना खालची दरी दाखवत होत्या. हात भरभरून बांगड्या, बोट दाखवायला हात उचलला की एकदा खळकन वाजायच्या.

काका तिकडे वळले. हसत, बोलत, पाय उचलत.

काकूंनी हात हलवला, पुन्हा पुन्हा हलवला. पण त्या किणकिणाटात त्यांच्या बांगड्या कुठल्या कुठे हरवल्या.

“अहो, थांबा. तिकडे नाही.”

काका जागच्या जागी थांबले. पुढच्या पावलाला जमीन नव्हती.

काकू मटकन दगडावर बसल्या. “गेलं सगळं.”

आवाजाच्या रोखाने काका चाचपत आले. “काय गेलं? मी तर इथे आहे.”

“तुमची नजर मागितली होती. त्यासाठी एवढंसं पाळायचं होतं, तेही जमलं नाही.”

काकांना चेष्टा सुचली नाही. “चल,” ते म्हणाले, “ते तरी आत जाऊन सांग.”

रणरणत्या उन्हातून देवळात शिरताच काकूंच्या डोळ्यांपुढे नुसता काळोख झाला. तेवढ्यात मनगटावर काकांचा हात आला.

“उंबरा उंच आहे, पाय उचल. आता वाक. भिंत ओली आहे, टेकू नकोस.”

काळोखाची त्यांना सवय होती. चाचपत त्यांनी समई शोधली, बोटांनी वात सरळ केली. काकूंनी काडी ओढली. काळ्या दगडातला शांत चेहरा उजळला.

“मागितलंस?”

“कुठल्या तोंडाने मागू?”

“मग मी मागतो.” काकांनी हात जोडले. “देवा, ही बोलली ती माझ्यापायी. नजरेचं तुझं तू बघ. हिचा आवाज तेवढा राहू दे.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. बाहेर आल्यावर काकांनी न सांगता आपला हात पुढे केला.

“पायरी,” काकू म्हणाल्या. “ही तुटकी आहे, जपून. समोर ना, सगळ्या देवळांच्या फटींतून गवत उगवलंय. वाऱ्याने हलतंय...”

“सांग, सांग,” काका म्हणाले. “आणि त्या बांगड्या जरा आवर. तुझं ऐकू येत नाही.”