पट्टीवर ठोकलेला नंबर आणि मी

मित्रांनो, नखाएवढा जीव आहे माझा, पण मान खाली घालून बोलायची सवय मला नाही. मी एका लिफ्टमिस्त्रीच्या फोनमधलं जुनं सिमकार्ड. एकोणीस वर्षं एकाच माणसाच्या खिशात काढली आणि मागच्या आठवड्यात त्याने मला काढून टेबलावर ठेवलं. अशा वेळी जुन्या वस्तूने डोळ्यांत पाणी आणून आपलं गाऱ्हाणं मांडायचं, अशी रीत आहे. माझा तसा काही विचार नाही. जे झालं ते कसं झालं आणि त्यात माझा वाटा किती, एवढंच सांगतो.

एका कारखान्यात प्लास्टिकच्या तक्त्यातून कापून मला बाहेर काढलं, छातीवर सोनेरी चकती बसवली आणि पाठीवर कंपनीचं नाव छापलं. कंपनीचा तेव्हा केवढा बोलबाला! उंच टॉवर, रंगीत पाट्या, दुकानाबाहेर रांगा. मीही फुशारक्या मारत होतो, लपवत नाही. मग उस्तादांनी मला विकत घेतलं. उस्ताद म्हणजे लिफ्टच्या कामातलं बडं प्रस्थ. सातव्या मजल्यावरून बोलले तर तळमजल्यावरच्या वॉचमनची झोप उडावी, असा आवाज. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या माणसाने पहिली लिफ्ट एकट्याने दुरुस्त केली, त्या दिवशी त्यांनी मला त्याच्या हातावर ठेवलं. तोच माझा मिस्त्री. कागदावर नाव मात्र उस्तादांचंच राहिलं. ते बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि हीच चूक पुढे आमच्या मानगुटीवर बसली.

या दोघांची कामाची एक पद्धत होती. लिफ्ट दुरुस्त केली की आत नंबराची पट्टी लावायची. इतर लोक कागदी स्टिकर चिकटवतात, ते महिनाभरात कोणीतरी नखाने खरवडून काढतं. उस्तादांना ते मंजूर नव्हतं. ते स्टीलची पट्टी घेत, एकेक आकड्याचा पोलादी ठसा तिच्यावर धरत आणि हातोडीने ठोकत. दहा आकडे, दहा घाव. मग पट्टी बटणांच्या खाली रिव्हिटने पक्की. मिस्त्रीनेही तेच केलं. गावभर अशा एकशे चाळीस पट्ट्या आहेत, आणि सगळ्यांवर माझा नंबर आहे. कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की मी वाजायचो आणि मिस्त्री हातातला घास खाली ठेवून निघायचा.

फोन बदलत गेले तसा मीही बदललो. नव्या फोनची खाच लहान म्हणून दुकानदाराने मला चिमट्यासारख्या यंत्रात धरून कापलं. पुढे त्याहून लहान खाच आली, पुन्हा कापलं. दोन्ही वेळा मी अंगाने कमी झालो, कामात नाही. मिस्त्री लोकांना सांगायचा, "हे कार्ड मला कधी दगा देणार नाही." ऐकून मी चांगलाच फुगायचो.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातला टॉवर कंपनीने उतरवला. गच्चीच्या मालकाशी बिनसलं म्हणे. टॉवर गेला, पाट्या गेल्या, फक्त दर महिन्याचा रिचार्जच्या आठवणीचा मेसेज तेवढा वेळेवर यायचा. माझ्या सिग्नलच्या पाच रेघांवरून एक रेघ झाली, आणि तीही आली तर आली. मिस्त्री आपल्या घरात भाकरतुकडा खात बसलेला असे, आणि फोन करणाऱ्याला कंपनीची बाई गोड आवाजात सांगे की ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. बाहेर कुठली, बाई? पाटावर बसली आहे ती व्यक्ती.

मिस्त्रीची बायको शाळेच्या ऑफिसात कामाला, हिशेबी आणि रोखठोक. ती म्हणायची, "कंपनी बदला."

"आणि एकशे चाळीस पट्ट्या कोण बदलणार?"

"अहो, कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. अख्ख्या दुनियेला माहीत आहे, तुम्हीच तेवढे राहिलात."

मिस्त्री हो हो म्हणायचा आणि टाळायचा. पण एका दुपारी एक निवृत्त शिक्षिका लिफ्टमध्ये अडकल्या. दोन तास. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांचा आवाज ऐकला आणि कोणीतरी पळत मिस्त्रीच्या दाराशी आलं. दार उघडलं तेव्हा बाई खाली बसल्या होत्या, घामाने भिजलेल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आतला दिवा गेला होता, मिस्त्री, आणि चष्माही घरी राहिला होता. मी तुमचा नंबर बोटांनी चाचपून वाचला. सतरा वेळा लावला."

सतरा वेळा. माझ्यापर्यंत त्यातला एकही आला नव्हता. मिस्त्री घरी आला, हात धुतले, टॉवेल तसाच हातात धरून उभा राहिला. मला त्या दिवशी माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. मी चाकरी कोणाची करत होतो? पाठीवर ज्यांचं नाव छापलंय त्यांची, की त्या अंधारात बोटांनी आकडे शोधणाऱ्या बाईची?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री दुसऱ्या कंपनीच्या दुकानात गेला. दुकान बाजाराच्या तळघरात. काउंटरवरच्या मुलीने त्याचं ओळखपत्र पाहिलं, काहीतरी तपासलं आणि मान हलवली. "हा नंबर तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना स्वतः यावं लागेल. ते नाही आले तर नंबर विसरा, नवा घ्या."

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण उस्ताद चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. त्यांचा गुडघा गेला होता, तरी ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला निघाले होते, तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "उस्ताद, आता तुम्ही खाली उतरू नका." काळजीनेच म्हणाला, पण म्हणाला वॉचमनसमोर. उस्तादांनी हातातला पाना तिथेच ठेवला आणि लेकीकडे राहायला गेले, ते गेलेच.

तरी मिस्त्री गेला. गरज होती, जाणं भाग होतं. उस्तादांच्या लेकीने दार उघडलं, चहा ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नव्हता, पण या शहाण्याने लपवलं. हवेबद्दल बोलला, गुडघ्याची चौकशी केली.

"गुडघा चार वर्षांपूर्वी विचारायचा होतास," उस्ताद म्हणाले. "काम काय आहे ते बोल."

मिस्त्रीने सांगितलं. उस्तादांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर माझ्या नावावर आहे ना? मग मी तो चालू ठेवीन, बंद करीन, नाहीतर त्याचं लोणचं घालीन. तू कोण विचारणारा? वॉचमनसमोर मला निकामी ठरवलंस."

"निकामी नाही म्हणालो, उस्ताद."

"मग काय म्हणालास?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "चुकलो. एकटे असताना बोलायला हवं होतं."

उस्तादांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो. म्हणाले, "आणि फोन लागत नाही म्हणे. नंबरात खोट नाही. तूच उचलत नसशील." असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला घरचा फोन पुढे ओढला आणि पाठ असलेला नंबर लावला. मी दोघांच्या मधे, टेबलावरच्या फोनमध्ये. सगळा जीव एकवटून कान लावला. काही नाही. खोली शांत होती, त्यामुळे रिसीव्हरमधला गोड आवाज सगळ्यांना ऐकू आला. ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

उस्तादांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"हे कोणाला ऐकू येतं?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम उतरला होता.

"जो आत अडकलाय त्याला."

"आणि तू इथे माझ्यासमोर बसलायस."

"हो."

उस्तादांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग लेकीला म्हणाले, "काठी आण माझी." लेक म्हणाली, "बाबा, तळघराला वीस पायऱ्या आहेत." ते म्हणाले, "मोजून उतरीन."

उतरले. मिस्त्री दोन पायऱ्या पुढे, पाठ त्यांच्याकडे, धरायला गेला नाही. पडले तर आपल्यावर पडतील इतक्याच अंतरावर चालत राहिला.

आता मित्रांनो, माझी वेळ आली. कंपनी बदलायची तर जुन्या कार्डावरून एक मेसेज पाठवावा लागतो, आणि उत्तरात एक कोड येतो. तो कोड नव्या दुकानात दिला की जुनं कार्ड संपलं. म्हणजे मला काढून टाकायचा हुकूम माझ्याच हाती यायचा होता. तळघरात रेघ नाही, म्हणून मिस्त्री मला घेऊन रस्त्यावर आला आणि कोपऱ्यावर फोन उंच धरून उभा राहिला. मेसेज कसाबसा गेला. उत्तर येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खाली उस्ताद गुडघा चोळत स्टुलावर बसले होते. आज काम झालं नाही तर ते पुन्हा वीस पायऱ्या उतरणार नव्हते, हे मिस्त्रीला कळत होतं आणि मलाही.

खोटं कशाला बोलू? मी ढिम्म बसून राहिलो असतो तर मला कोणी बोल लावला नसता. रेघ नव्हतीच. सगळे म्हणाले असते, काय करणार, कार्ड जुनं. आणि मी खिशात राहिलो असतो, उबेत, आणखी कित्येक वर्षं. कंपनीही म्हणाली असती, शाबास, खाल्ल्या मिठाला जागलास. पण मीठ कोणाचं खाल्लं होतं मी? टॉवर उतरवताना मला कोणी विचारलं नव्हतं. कुठून तरी लांबून एक रेघ आल्यासारखी वाटली. मी ती धरली. सुटली, पुन्हा धरली. आणि ओढला तो कोड आत, आठच्या आठ अक्षरं. आता फितूर म्हणा, नमकहराम म्हणा, खुशाल म्हणा.

"आला," मिस्त्री म्हणाला आणि पायऱ्यांवरून धावत खाली गेला.

उस्तादांचा अंगठा यंत्राला कळेना. चाळीस वर्षं दोर आणि तेल हाताळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. मुलीने एकेक बोट लावून पाहिलं, शेवटी करंगळी चालली. उस्ताद मिस्त्रीला म्हणाले, "हे सुरू झालं की नाव तुझं लावून घे. उद्या मी मेलो तर काय पट्ट्या उपटत फिरणार आहेस?" चार वर्षांत त्यांनी त्याला दिलेला तो पहिला हुकूम. मिस्त्री "बरं" म्हणाला आणि दुसरीकडे बघत नाक पुसलं.

दोन दिवसांनी माझ्या कंपनीला जाग आली. मिस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होता, तिथे अधूनमधून माझी रेघ यायची. एक मुलगी बोलत होती. "साहेब, तुम्ही आमचे इतके जुने ग्राहक. आमचं काय चुकलं? तुम्हाला दुप्पट डेटा देऊ."

"ताई, तुम्ही कधी लिफ्टमध्ये अडकलात का?"

"नाही, साहेब."

"अडकू नका. आणि अडकलात तर माझ्या नव्या कंपनीवरून फोन लागेल, नंबर तोच आहे."

ती कागदावरचं वाक्य न वाचता म्हणाली, "बरं केलंत, साहेब." बिचारीला पगार तिथून मिळतो, पण बोलली बरोबर.

आणि मग मागच्या आठवड्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला माझी शेवटची रेघ गेली. फोनवर आलं, सेवा नाही. मिस्त्रीने बारीक तारेने खाच उघडली, मला बाहेर काढलं, नवं कार्ड बसवलं. मला फेकलं नाही, पुसून टेबलावर ठेवलं. नवं कार्ड कोवळं होतं, गुळगुळीत, पाठीवर दुसऱ्याच कंपनीचं नाव. तासाभराने फोन वाजला. पहिल्याच रिंगला मिस्त्रीने उचलला. एक बाप होता, दोन लहान पोरांसकट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. मागे पोरांचं रडणं ऐकू येत होतं.

"घाबरू नका. दार ओढू नका. पोरांना खाली बसवा. मी निघालोच," मिस्त्री म्हणाला, आणि निघाला.

त्या वाजण्यात मी नव्हतो. काळीज थोडं हललं, नाही कशाला म्हणू? पण मित्रांनो, माझी कीव करू नका, ती मला चालणार नाही. मला आठवण म्हणून डबीत जपून ठेवायचीही गरज नाही, कात्रीने दोन तुकडे करा आणि टाका. जपायचंच असेल तर तुमच्या भरवशावर कोण बसलंय ते जपा, आणि ज्याच्या ओठांवर तुमचं नाव आहे त्याची हाक तुमच्यापर्यंत पोचते का, ते अधूनमधून स्वतः नंबर लावून बघा. आणि कोणी विचारलं की त्या जुन्या कार्डाने शेवटी काय केलं, तर सांगा, त्याने स्वतःला काढून टाकायचा कोड स्वतः ओढून आणला, आणि आठांतलं एक अक्षरही गाळलं नाही.